हेवी घ्यायला कोणी तयार नाही

ऑनलाइन गेमिंगचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, तेव्हापासून आमच्या विजयदुर्गात या विषयावर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, "पोरं मोबाईलपायी वाया गेली." दोन, "पैसे लावायचे गेम बंद झाले, पण ई-स्पोर्ट्सला आता सरकारची मान्यता आहे, त्यात करिअर होतं." पहिलं वाक्य बोलणारे गेम कधी उघडून बघत नाहीत आणि दुसरं बोलणारे फक्त बक्षिसाचा आकडा बघतात. खेळाच्या आत नक्की काय चालतं, पोरं तिथे एकमेकांशी कशी वागतात, कोणाला संघात घेतात आणि कोणाला बाहेर बसवतात, यावर कोणी बोलत नाही. मला त्यावर बोलायचंय. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगतो. आणि ती एकाच गड्याबद्दल आहे: शूटर गेममधला तो जाडजूड, चिलखती, हळू चालणारा गडी, जो कोणालाच व्हायचं नसतं.

ज्यांनी हे गेम खेळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं आधी. आपल्याकडची बहुतेक पोरं बीजीएमआयवर वाढली. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली, २०२१ मध्ये तोच गेम या नावानं परत आला, मग पुन्हा गायब, पुन्हा हजर. त्यात सगळे खेळाडू सारखे. ज्याला जे सापडेल ते त्यानं उचलायचं. तिसऱ्या लेव्हलचं जॅकेट मिळालं की अंगावर चढवायचं आणि पूर्वीइतक्याच वेगानं पळायचं. चिलखत तिथे फुकट आहे. ही फुकटची सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसऱ्या प्रकारचे गेम असतात त्यात आधी आपला क्लास निवडायचा. टीम फोर्ट्रेस २ हा त्यातला जुना, २००७ सालचा. २०११ पासून फुकट आहे आणि जुनाट कॉम्प्युटरवरही चालतो, म्हणून आमच्याकडे टिकून आहे. त्यात नऊ क्लास. स्काऊट सगळ्यात चपळ, त्याची तब्येत १२५. सोल्जर, स्नायपर, मेडिक वगैरे मधले. आणि हेवी. हेवीची तब्येत ३००, म्हणजे नऊजणांत सर्वांत जास्त. हातात भलीमोठी फिरत्या नळ्यांची बंदूक. पण चाल नेहमीच्या वेगाच्या ७७ टक्के. नळ्या फिरायला लागल्या की तर ३७ टक्क्यांवर येतो, म्हणजे जवळजवळ उभाच. स्काऊट त्याच वेळी १३३ टक्क्यांनी सुसाट.

माझा भाचा आणि त्याचे मित्र हा गेम खेळतात. त्यांना विचारलं, हेवी कोण घेतो रे? तर उत्तर आलं, "मामा, हेवी कोण घेतलो? चलता बघा कसो, म्हशीसारखो. सगळ्यांका स्नायपर व्हयो." एकजण म्हणाला, दोन स्नायपर आहेत म्हणून मी तिसरा झालो. तिसरा! सहाजणांच्या संघात तीन जण लांब कोपऱ्यात बसून नेम धरतायत आणि पुढे उभा राहायला कोणी नाही.

हा काही आमच्याच पोरांचा दोष नाही. ओव्हरवॉच नावाचा गेम २०१६ मध्ये आला. त्यात राईनहार्ट म्हणून एक चिलखती वीर आहे, हातात दारासारखी मोठी ढाल धरतो आणि बाकीचे त्याच्यामागून चालतात. या जातीला तिथे टँक म्हणतात. जगभरातल्या खेळाडूंची हीच तऱ्हा झाली, टँक व्हायला कोणी तयार नाही. २०१९ मध्ये कंपनीनं भूमिका वाटूनच दिल्या: दोन टँक, दोन मारणारे, दोन बरे करणारे. झालं काय, तर मारणाऱ्यांची रांग लांबली. त्यांना खेळ मिळेपर्यंत ताटकळत बसावं लागायचं आणि टँक होणाऱ्याला लगेच प्रवेश. मग २०२० मध्ये, कुठलीही भूमिका घ्यायला तयार असणाऱ्याला एक पास देऊ केला, की पुढच्या वेळी तुझी आवडती भूमिका घेऊन रांगेत पुढे जा. म्हणजे लाच. तरी पुरेना, म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरात दुसरा भाग आला त्यात संघ सहाचा पाचावर आणला, टँक एकच ठेवला. त्याला इतरही कारणं होती, मान्य. पण लाखो लोक खेळतात तिथेही पुढे उभं राहणारा माणूस पुरत नाही, ही गोष्ट ग्रामपंचायतीच्या कुठल्याही समितीत बसलेल्याला नवी वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न. हा हळू चालणारा गडी उपयोगाचा असतो का? असतो तर कशासाठी?

पोरं मोजतात किल्स. शेवटी जो तक्ता येतो त्यात कोणी किती मारले तेवढं डोळ्यांत भरतं. हेवी जवळून मारायला लागला तर समोरच्याचं पीठ होतं, हे खरं. पण ते त्याचं मुख्य काम नव्हे. तो एखाद्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिला की समोरचे पाच जण तिथून यायचं टाळतात. लांबच्या वाटेनं जातात. वीस-तीस सेकंद जातात त्यात. त्या वीस-तीस सेकंदांत आपला मेडिक सावरतो, इंजिनीअर यंत्र उभं करतो, मेलेले दोघं परत येतात. हे सगळं तक्त्यात हेवीच्या नावावर कुठेच लागत नाही. त्यानं कोणालाच मारलं नाही, कारण कोणी आलंच नाही. रात्रीच्या राखणदाराचं असंच असतं, चोरी झाली नाही त्या रात्रीचा हिशोब कोण ठेवतो?

दुसरं काम मार खाण्याचं. समोरच्याची गोळी कोणाला तरी लागणारच. ती १२५ वाल्याला लागण्याऐवजी ३०० वाल्याला लागली, तर संघाचा माणूस शिल्लक राहतो. मेडिकनं पाठीशी राहून त्याला सांभाळलं तर हे ३०० वाढून ४५० पर्यंत जातात. त्यामुळे चांगले मेडिक अशा गड्याची साथ सहसा सोडत नाहीत.

रेनबो सिक्स सीजमध्ये रूक नावाचा फ्रेंच जवान आहे. सुरुवातीच्या हिशोबात चिलखत तीन आणि वेग एक, म्हणजे सगळ्यात जड आणि सगळ्यात हळू. त्याची गंमत अशी की तो फेरीच्या सुरुवातीला जमिनीवर एक पिशवी ठेवतो, त्यात चिलखताच्या पाट्या असतात. प्रत्येक साथीदारानं एकेक उचलायची. रूक पुढच्या मिनिटाला मेला तरी त्याचं चिलखत बाकीच्यांच्या अंगावर राहतं. मला हा सगळ्यात आवडतो.

पण एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण इथेच गल्लत होते. हळू असणं हा गुण नाही. हेवी हळू आहे म्हणून उपयोगाचा आहे असं कोणी म्हणेल तर ते चूक. हळूपणा ही त्यानं चिलखतासाठी मोजलेली किंमत आहे. किंमत मोजली आणि माल मिळाला, तर सौदा ठीक. किंमत मोजली आणि माल मिळालाच नाही, तर फसवणूक. बीजीएमआयवर वाढलेल्या पोरांना चिलखत फुकट मिळायची सवय आहे, म्हणून त्यांना हेवी नुसता लंगडा वाटतो. किंमत दिसते, माल दिसत नाही.

आणि दुसरी अट. त्याला जागा लागते आणि सोबत लागते. उघड्या मैदानात हेवी म्हणजे चालतं निशाण. स्नायपरनं पूर्ण दम धरून डोक्यात मारलेली एक गोळी बरोबर ४५० ची असते, म्हणजे मेडिकनं काठोकाठ भरलेला हेवीसुद्धा एका गोळीत आडवा. पाठीमागून स्पाय आला तर एका सुरीत खेळ खलास. म्हणून त्याची पाठ दुसऱ्या कोणीतरी बघायची असते.

या दोन अटी विजयदुर्गाच्या माणसाला परक्या वाटू नयेत. आपण त्यांच्याच सावलीत राहतो.

किल्ला म्हणजे हळूपणाची हद्दच, तो जागचा हलतच नाही. त्या बदल्यात त्याला मिळाली तिहेरी तटबंदी. गडांच्या भाषेत बुरुजाबाहेर दुसरा तट घातला की त्याला चिलखतच म्हणतात, चिलखती बुरूज. आणि जागा कुठली, तर वाघोटण खाडीच्या तोंडावर. हाच किल्ला उघड्या माळावर असता तर वळसा घालून लोक पुढे गेले असते. दारात उभा आहे म्हणून त्याला किंमत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा सगळ्यांनी तटाचे फोटो टाकले, मीही टाकले. खाडीचा फोटो कोणी टाकला नाही. खाडीशिवाय तो तट कशासाठी?

पण त्याहून जास्त शिकण्यासारखं आहे ते आंग्र्यांच्या आरमारात. शाळेत आपण 'गुराबा आणि गलबतं' असं एका दमात म्हणून टाकतो, जणू एकाच गोष्टीची दोन नावं. तसं नव्हतं. गुराब मोठी. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. रुंद बांध्याची, नाळ पुढे निमुळती होत गेलेली, आणि त्या नाळेच्या बाजूला समोर तोंड करून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. गलबत लहान, फार तर सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, त्यावरच्या तोफा दोन ते चार पौंडी. वल्ही मारून तासाला चार मैल जायचं.

वारा पडला की गुराब जागेवर थांबायची. हेवीसारखीच. मग काय करायचे? गलबतं तिला दोर लावून ओढत न्यायची. ओढत ओढत शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला आणायची, जिथे त्याच्या तोफा फारशा नसतात. तिथून गुराबा नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडं फोडायच्या. समोरचं जहाज लंगडं झालं की मग गलबतांतून दोन-तीनशे माणसं तलवारी घेऊन वर चढायची. ही पद्धत इंग्रजांनीच लिहून ठेवलीय.

आता यात कोण महत्त्वाचं ते सांगा. गलबत नसेल तर गुराब पाण्यावरचं ओझं. गुराब नसेल तर गलबत मोठ्या जहाजाच्या एका सरबत्तीत बुडणार. जहाजावर चढून ते ताब्यात घेणारी माणसं गलबतातली, म्हणजे 'किल' त्यांच्या नावावर. पण डोलकाठी कोणी पाडली? आणि त्या तोफेला तिथवर कोणी ओढत नेलं? १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्याच्या आरमारानं डचांची तीन जहाजं गाठली, पन्नास, छत्तीस आणि अठरा तोफांची. दोन मोठी जाळली आणि तिसरं पकडलं. पन्नास तोफांचं डच जहाज हे एकेकटं बघितलं तर कुठल्याही गुराबेपेक्षा भारी. पण त्याला ओढणारं, त्याची पाठ बघणारं कोणी नव्हतं.

उलटा धडाही इथलाच आहे. १७२० मध्ये मुंबईहून वॉल्टर ब्राउनच्या हाताखाली इंग्रज आरमार विजयदुर्गावर आलं. सोबत 'फ्राम' नावाचा तरता तोफखाना आणला होता, मुद्दाम बांधून घेतलेला. तोफगोळ्याला दाद देणार नाही इतका जाड, उथळ पाण्यातून तटाजवळ नेता येईल असा, आणि वर अवजड तोफा. कागदावर बघाल तर याच्यापेक्षा भारी टँक नाही. प्रत्यक्षात तोफांच्या खिडक्या पाण्याच्या इतक्या लगत ठेवलेल्या, की डागलेला गोळा थोड्याच अंतरावर पाण्यात जायचा. मोहीम फसली. चिलखत आहे, हळूपणा आहे, पण ज्या कामासाठी हे सगळं केलं ते काम होत नाही. अशी वस्तू बघितली की मला काही सरकारी योजना आठवतात, पण ते असो.

मग १७५६. हे आपल्याला टोचतं म्हणून आपण पटकन पान उलटतो. पेशवे आणि इंग्रज एकत्र, तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या फौजेकडे गेलेला, आणि वॉटसनची जहाजं दुपारच्या वाऱ्यावर खाडीत शिरली. त्यांनी काय केलं बघा. मोठमोठी लढाऊ जहाजं तटासमोर ओळीनं लावली, मार खायला. कुल्फी गोळे फेकणारी लहान जहाजं त्यांच्या आडोशानं काम करत राहिली. पुढे ढाल, मागे मारा. राईनहार्ट दुसरं काय करतो! आणि आंग्र्यांची गुराबा-गलबतं कुठे होती? तटाच्या आसऱ्याला, खाडीत, दाटीवाटीनं उभी. एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला, जे जहाज १७४९ मध्ये इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं. तिथून आग पसरली आणि सगळं आरमार जळालं. १३ फेब्रुवारीला किल्ला गेला. तट शेवटपर्यंत उभाच होता, आजही आहे. पण चपळ होतं ते सगळं चिलखताच्या मागे लपून बसलं, आणि एकटं चिलखत काही करू शकलं नाही. माझं मत विचाराल तर त्या दिवशी तट हरला नाही, संघ हरला.

इतिहास पुरे. आजच्या समुद्रावर या.

आमच्या किनाऱ्यावर दर हंगामात एकच ओरड असते. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर आत येतात, आमच्या लोकांच्या जाळ्यांवरून जातात, आणि गस्तीची नौका पोचेपर्यंत पसार होतात. राज्याची हद्द बारा सागरी मैल. त्यात मासेमारीचं नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे, २०२१ मध्ये दंडही वाढवला. जानेवारी २०२५ पासून ड्रोननं नजर ठेवायला सुरुवात झाली. ड्रोन चांगलेच, मी त्यांच्या विरोधात नाही. पण ड्रोन म्हणजे स्काऊट झाला. तो बघेल, फोटो काढेल, नंबर टिपेल. मध्ये जाऊन उभं कोण राहणार?

इथे काही मित्र म्हणतात, गस्ती नौका हळू आहेत, वेगवान नौका द्या. मागणी योग्य आहे, पण अर्धीच. आपलं दुखणं नुसतं हळूपणाचं नाही. हळू असून भक्कम नाही, हे दुखणं आहे. मासेमारीचीच लाकडी होडी भाड्यानं घेऊन तिला गस्तीला लावलं, तर ती ट्रॉलरपेक्षा हळू तर आहेच, वर लोखंडी ट्रॉलरनं नुसता धक्का दिला तरी फुटेल. आतल्या माणसाच्या जिवाला घोर. म्हणजे किंमत हेवीची मोजली आणि तब्येत स्काऊटची मिळाली. अशा नौकेवरच्या माणसानं ट्रॉलरच्या आडवं जावं, ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो? याउलट दहा वाव पाण्यात, जिथून ट्रॉलर हमखास आत येतात त्या वाटेवर, एक भक्कम लोखंडी बोट नुसती नांगर टाकून उभी असली आणि ड्रोन तिला दिशा सांगत असला, तर पाठलाग करायची वेळच कमी येईल. दोन-तीन पळत्या नौका तिच्या सोबतीला हव्यातच. त्या नसतील तर तीही फ्राम.

मला माहीत आहे, बोट विकत घेणं हा गेम नव्हे. डिझेल लागतं, खलाशी लागतात, पावसाळ्यात ती ठेवायची कुठे हा प्रश्न असतो. तरीही निदान मागणी करताना 'वेगवान' या एका शब्दावर थांबू नका. निवेदनात 'भक्कम' लिहा आणि 'सोबतीसह' लिहा.

आता ज्यामुळे हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. तालुक्यात पोरांनी पोरांसाठीच एक छोटी स्पर्धा ठरवलीय, टीम फोर्ट्रेसची, सहा-सहाचे संघ, कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत. कोणाचं नाव घेत नाही, पोरं कष्ट करतायत आणि कौतुकच आहे. पण आमच्या गावातल्या संघानं एका मुलाला वगळलं. हा मुलगा पहिल्यापासून हेवी घेतो. त्याचा कॉम्प्युटर सगळ्यांत जुना, अडकत अडकत चालतो, त्यावर स्नायपरचा नेम लागणं अशक्य. म्हणून त्यानं हेवी घेतला आणि मग त्यात मुरला. कुठल्या कोपऱ्यावर किती वेळ थांबायचं, मेडिकला हाक कधी द्यायची, माघार घेताना तोंड कुठे ठेवायचं, हे त्याला इतकं पाठ आहे की मी मागे उभा राहून बघत बसतो. माझ्यासारख्या सेहेचाळिशीतल्या, बोटं जड झालेल्या माणसाला हा गेम खेळता येतो तो हेवीमुळेच. डोळा-हात चपळ नसलेल्यालाही संघात मानाची जागा असावी, ही त्या गेम बनवणाऱ्यांची मेहेरबानी नाही, हिशोब आहे.

वगळण्याचं कारण दिलं, "किल्स कमी." वरून असंही सांगितलं, की बाहेरच्या मोठ्या सहा-सहाच्या स्पर्धांत हेवी नसतोच: दोन स्काऊट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन, एक मेडिक. हे खरं आहे, मी नाकारत नाही. त्या स्पर्धांत मैदानाच्या मधल्या जागेसाठी धावायचं असतं आणि तिथे हेवी पोचेपर्यंत भांडण संपलेलं असतं. पण तेच लोक, आपली शेवटची जागा जायची वेळ आली की स्काऊटवाल्याला सांगतात, जा आत, क्लास बदल, हेवी घेऊन ये. जगातले सगळ्यात चपळ खेळाडूसुद्धा शेवटच्या दारात हेवीच उभा करतात. हे अर्ध आपल्या पोरांनी वाचलेलं नाही. शिवाय आपल्या स्पर्धेत निम्मे नकाशे गाडी ढकलायचे ठेवलेत. गाडीजवळ उभं राहिलं की तब्येत भरते, गाडी बोळाबोळांतून जाते, तिचा वेगही कमी. हेवीसाठी याहून सोयीची जागा कुठली?

वैयक्तिक बक्षीस एकच ठेवलंय, सर्वाधिक किल्सचं. यावर माझा खरा आक्षेप आहे. जे मोजाल ते वाढेल. किल्स मोजलेत तर सहा स्नायपर येतील आणि स्पर्धा बघायला मजाही येणार नाही. खेळाची नोंद ठेवणाऱ्या साधनांत 'किती मार दिला' याच्याशेजारी 'किती मार खाल्ला' हाही आकडा असतो, तो आयता मिळतो. जागेवर कब्जा आणि जागेचा बचाव गेम स्वतःच मोजतो. दोन्ही वापरा. नुसता मार खाल्ल्याचं बक्षीस देऊ नका, नाहीतर कोणीतरी मुद्दाम समोर जाऊन नाचेल, पोरांचा काही भरवसा नाही. मार खाऊन किती कमी वेळा मेला, असं एकत्र बघा.

रापण ओढलेल्या घरातली पोरं आहेत ही. होडी जाळं टाकून पटकन फिरून येते, कौतुक तिचं होतं, पण दोर धरून वाळूत टाच रोवून तासभर उभं राहणाऱ्यालाही वाटा मिळतो. वाटा करताना कोणी विचारत नाही, की तू स्वतः किती मासे पकडलेस.

नियमावलीची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी आहे. भाच्याकरवी दोन सूचना पाठवल्यात: बक्षीस किल्सवर एकट्यावर ठेवू नये, आणि संघात सहाच्या जोडीला सातवा राखीव खेळाडू घ्यायची मुभा असावी, म्हणजे गाडीच्या नकाशावर हेवीवाल्याला उतरवता येईल. पहिल्या सूचनेवर भाचा म्हणाला, बघतो. दुसरीवर म्हणाला, "मामा, सातवो कॉम्प्युटर खयसून हाडूचो?" सातवा कॉम्प्युटर लागणारच नाही, एक उठेल आणि दुसरा बसेल, हे त्याला समजावलंय. आयोजकांपैकी कोणी हे वाचत असेल तर रविवारच्या आधी माझ्याशी बोला, मी घरीच आहे.